छपरावरचा पाऊस नाल्याला, वाफ्यातले क्षार मुळांना: ठाणे जिल्ह्यातल्या कृषी अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
हरितगृहांच्या प्रस्तावांना पूर्वसंमती देणारे, मोका तपासणीला (जागेवरच्या पाहणीला) येणारे आणि माती परीक्षणाचे अहवाल देणारे जिल्ह्यातले सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांत पॉलीहाऊसमध्ये ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा पिकवणारे शेतकरी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कृषी पदवीधर, असे आम्ही मिळून हे पत्र लिहीत आहोत. वाशीचं मार्केट आणि दादरचा फुलबाजार रात्रीच्या टेम्पोच्या अंतरावर असल्यामुळे इथल्या दहा गुंठ्यांवर एक घर चालू शकतं. त्या भरवशावर लोकांनी कर्जं काढली आहेत. आता नव्या हरितगृहांना पुन्हा पूर्वसंमती मिळते आहे आणि मोका तपासणीत मोजपट्टी पुन्हा लागते आहे ती सांगाड्यालाच: पाइपची जाडी, पायाची खोली, कागदाचे मायक्रॉन. माती-पाण्याचा अहवाल फार तर प्रस्तावाला एकदा जोडला जातो. त्यानंतर त्या मातीचं काय झालं, हे पाहायला कुणी येत नाही. पीक उभं राहतं मातीवर, म्हणून हे जाहीरपणे विचारणं भाग आहे.

आधी दुखण्याचं मूळ सांगतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा पाऊस उघडी जमीन दरवर्षी धुऊन काढतो. आपल्या वरकस (भातखाचराबाहेरच्या, उताराच्या) जमिनी आम्ल आहेत आणि त्यांच्यात क्षार टिकत नाहीत, ते यामुळेच. त्याच जमिनीवर २०० मायक्रॉनचा कागद ताणला की धुणं थांबतं, पण क्षार येणं थांबत नाही. बोअरवेलच्या पाण्याची ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युत वाहकता) ०.८ डेसिसायमन प्रति मीटर असेल, तर लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम क्षार येतो. हजार चौरस मीटरला दिवसाला चार हजार लिटर पाणी दिलं तर दोन किलो, आणि तीनशे दिवसांत सहाशे किलो. हा झाला नुसत्या पाण्याचा हिशेब, विद्राव्य खतं वेगळीच. यातला काही भाग पीक उचलतं आणि कॅल्शियम-बायकार्बोनेटचा काही भाग चुनखडी होऊन बसतो. सोडियम आणि क्लोराईड मात्र पिकाला फारसे नको असतात. बाहेर जायला वाट नसल्यामुळे ते वाफ्यातच साठतात.

ठिबकमुळे ते सगळीकडे सारखे पसरतही नाहीत. ड्रिपरखालची माती स्वच्छ राहते आणि क्षार ओलाव्याच्या कडेला ढकलले जातात. गादीवाफ्याच्या खांद्यावर पांढरी कपची धरलेली दिसते ती हीच. नखाने खरवडली तर पापुद्रा निघतो आणि खालची माती पिठासारखी भुसभुशीत लागते. अशा वाफ्यात नवं रोप पहिले तीन आठवडे बरं दिसतं. मुळं खांद्याकडे पोचली की पानांच्या कडा करपतात, फळाच्या बुडाला काळा डाग पडतो आणि सकाळी अकरालाच शेंडे मान टाकतात. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं किंवा खत कमी पडलं, म्हणून तो फर्टिगेशन, म्हणजे ठिबकमधून दिलं जाणारं खत-पाणी, वाढवतो आणि दुखणं आणखी वाढतं.

आमची पहिली तक्रार मृद आरोग्य पत्रिकेबद्दल आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेली ही योजना उघड्या शेतीसाठी चांगली आहे आणि तिच्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचं नाही. पण तिची रचना बागायत क्षेत्रात अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरमागे एक अशी आहे. अडीच हेक्टर म्हणजे अडीचशे गुंठे. शेजारच्या भातखाचराचा नमुना दहा गुंठ्यांच्या पॉलीहाऊसबद्दल काहीच सांगत नाही. नमुना पॉलीहाऊसमधलाच घेतला तरी दोन अडचणी उरतात. पत्रिकेत बारा घटक आहेत: सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. सोडियम, क्लोराईड आणि सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) यांत नाहीत, आणि बंद छपराखाली पीक याच तिघांपायी जातं.

दुसरी अडचण ईसीच्या आकड्याची आहे. प्रयोगशाळेत एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात आणि १ च्या खाली आली की 'सर्वसाधारण' असा शेरा पडतो. भाताला तो शेरा पुरतो. पण मुळाभोवती इतकं पाणी कधीच नसतं. मातीच्या संपृक्त अर्कात, म्हणजे माती पाण्याने जेमतेम भरून काढलेल्या अर्कात, तोच आकडा सहज तीन-चार पट भरतो. पत्रिकेवर ०.८ आणि 'सर्वसाधारण' लिहिलेलं असताना मुळं ३ च्या आसपास ईसी सोसत असू शकतात. ढोबळी मिरची १.५ पर्यंत तग धरते आणि त्यापुढे दर एका अंकाला तिचं उत्पादन साधारण १४ टक्के घटतं. म्हणजे ३ ईसीला पाचवा हिस्सा गेला आणि हातात कागद आहे 'सर्वसाधारण' लिहिलेला. काकडी आणि टोमॅटो २.५ पर्यंत सोसतात. शेरा पिकागणिक बदलायला हवा, पण तसा तो बदलत नाही.

आता 'माती बदला' या सल्ल्याबद्दल. पीक बसलं की हाच सल्ला सर्रास दिला जातो. हजार चौरस मीटरच्या पॉलीहाऊसमध्ये वाफ्यांचं क्षेत्र सहाशे चौरस मीटर आणि उंची ४० सेंटिमीटर धरली तर २४० घनमीटर, म्हणजे ८५ ब्रास लाल माती लागते. ती कुठून आणायची? कुणाच्या तरी वरकस उतारावरून किंवा डोंगराच्या पायथ्यावरून. आधीच वीटभट्ट्या आणि बांधकामांचे भराव या जिल्ह्याची माती खात आहेत, त्यात शेतीनेही हात घालायचा का? शिवाय काढलेली खारी माती ओढ्याच्या काठावर टाकली जाते आणि नवी माती तेच पाणी, तीच खतं पिऊन काही हंगामांत तशीच होते. अधिकाऱ्याच्या तोंडून हा सल्ला यायलाच नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त खंत मात्र छपरावरच्या पाण्याची वाटते. हजार चौरस मीटरच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी. गळती आणि उडणं वजा करून वीस लाख धरा. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पन्हळीतून ते थेट नाल्यात जातं आणि त्याच छपराखाली क्षाराने जळणाऱ्या वाफ्यांना ऑक्टोबरपासून बोअरवेलचं खारं पाणी दिलं जातं. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांची त्या पॉलीहाऊसची गरज दहा लाख लिटरच्या आसपास आहे. भातसा, तानसा, वैतरणा मुंबईला पाणी पाजतात आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिलमध्ये टँकर फिरतात. तिथे छपरावरचं वीस लाख लिटर पाणी वाहून जाऊ देणं आम्हाला मान्य नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या निकषांत २० बाय २० बाय ३ मीटरच्या वैयक्तिक पाणीसाठ्याचा घटक राहिलेला आहे आणि हरितगृहाला ५० टक्के अनुदानही त्याच अभियानातून मिळतं. पण हे दोन्ही घटक एकमेकांना जोडलेले नाहीत. पन्हळीचा पाइप तळ्यात सोडा, एवढी एक अट पूर्वसंमतीच्या पत्रात घालता येत नाही का?

पाणी मिळालं तरी निचरा नसेल तर धुणं उलटतं. भातखाचरात उभारलेल्या पॉलीहाऊसखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने १५-२० सेंटिमीटरवर घट्ट थर बसलेला असतो. वरून सोडलेलं पाणी त्यावर तुंबतं आणि केशाकर्षणाने क्षार घेऊन पुन्हा वर येतं. म्हणून सांगाडा उभा करण्याआधी तो थर फोडायला हवा. सत्तर सेंटिमीटर खोल चर खणून, तळाशी खडी आणि तिच्यावर नारळाचा काथ्या किंवा जिओटेक्स्टाइल गुंडाळलेला सच्छिद्र पाइप टाकायचा आणि शंभर मीटरला तीस ते पन्नास सेंटिमीटर उतार द्यायचा. सांगाडा उभा झाल्यावर हे काम तिप्पट अवघड होतं. मुरमाड वरकसावर एवढ्या खटाटोपाची गरज नसते. तिथे एक खड्डा खणून पाणी किती वेळात मुरतं ते पाहिलं तरी भागतं.

सूत्रकृमींबद्दल आता थोडं सविस्तर, कारण क्षारांनी दमलेली मुळं तेच आधी गाठतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची एक पिढी आपल्या उबदार मातीत २५ ते ३० दिवसांत पुरी होते आणि एक मादी काही शे अंडी घालते. ढोबळीचं पीक आठ-नऊ महिने उभं असतं, म्हणजे आठ-नऊ पिढ्या. पीक काढताना झाड उपटलं की मुळाचा गाठाळ भाग तुटून मातीत राहतो आणि पुढच्या रोपाला पहिल्याच आठवड्यात लागण होते. बऱ्याचदा सूत्रकृमी रोपवाटिकेच्या ट्रेमधूनच येतात. रोपांच्या लॉटसोबत सूत्रकृमीमुक्त असल्याचा तपासणी कागद मागणं हा शेतकऱ्याचा हक्क असायला हवा. आज तसा कागद मागितला तर रोपवाटिकावाला तोंडाकडे बघत राहतो.

यावर अजूनही फॉर्मेलीनचं ड्रेंचिंग, म्हणजे फॉर्मेल्डिहाईडचं द्रावण मातीत ओतणं, सुचवलं जातं. फॉर्मेल्डिहाईडने माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. बंद पॉलीहाऊसमध्ये ते ओतणारी माणसं आमच्याच पाड्यांवरची असतात, पुष्कळदा साध्या रुमालाने नाक बांधून. शिवाय त्याने चांगले जीवाणूही मरतात आणि त्या ओस मातीत मर रोगाची बुरशी बिनविरोध पसरते. फोरेट हे कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, तरी दुकानात त्याची चौकशी होतेच. या दोन्हींऐवजी करता येण्यासारखं काम आहे, आणि त्याला लागणारा माल याच जिल्ह्यातल्या भात गिरण्यांत पडून असतो.

ते असं करायचं. मार्चअखेर पीक काढताना मुळं कुदळीने २० सेंटिमीटर खोल खणून गोळा करायची, बाहेर वाळवून जाळायची, ओढ्याला टाकायची नाहीत. मग हजार चौरस मीटरला एक टन भाताचा कोंडा पसरून वरच्या १५-२० सेंटिमीटर मातीत मिसळायचा. तूस नव्हे, कोंडा, कारण जीवाणूंना लगेच खाता येईल असं अन्न हवं असतं. त्याच दिवशी माती पूर्ण भिजवायची, चौरस मीटरला शंभर लिटरपर्यंत पाणी लागतं. लगेच पारदर्शक कागद अंथरून कडा मातीत दाबायच्या आणि पॉलीहाऊसचे पडदे बंद करायचे. जीवाणू कोंडा खाताना मातीतला प्राणवायू संपवतात, आम्लं तयार होतात आणि उष्णतेच्या जोडीने सूत्रकृमी व बुरशी मरतात. जपानमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. तिथे तितक्याच क्षेत्राला एक ते दोन टन कोंडा वापरतात आणि तीन आठवडे झाकून ठेवतात. आपल्या एप्रिलमध्ये मातीचं तापमान तीसच्या वर असतंच. आठवड्याभरात कागदाची कड उचलल्यावर गटारासारखा वास आला तर काम चालू आहे. वास नसेल तर कागद फाटला आहे किंवा पाणी कमी पडलं आहे. भिजवायला दोन दिवस उशीर झाला तर कोंडा हवेतच कुजतो आणि टन फुकट जातो.

पाणीच नसेल तर नुसतं सौर निर्जंतुकीकरण करता येतं. माती वाफशापेक्षा थोडी जास्त ओली करून २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे अंथरायचा. काळा कागद नको, तो स्वतः तापतो आणि माती गार राहते. वाटांवरही कागद हवा, नाहीतर वाफ्याच्या गार कडेतून सूत्रकृमी परत शिरतात. ट्रायकोडर्मासारखी जैविकं या सगळ्यानंतरच द्यायची. आधी दिली तर उष्णतेने मरतात. हवा खेळवून दहा-बारा दिवस झाले की शेणखत टनामागे दोन-दोन किलो ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास आणि पर्प्युरिओसिलियममध्ये पंधरा दिवस सावलीत ओलसर मुरवून घालायचं.

जूनमध्ये पाणी येतं तेव्हा धुणं. तीस सेंटिमीटर मातीतले बहुतेक विरघळणारे क्षार खाली न्यायला जवळपास तीस सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे सहाशे चौरस मीटर वाफ्यांना पावणेदोन-दोन लाख लिटर. ते एकदम सोडलं तर मातीच्या भेगांतून निघून जातं आणि ढेकळांतले क्षार जागच्या जागी राहतात. पन्नास मिलिमीटरचे सहा हप्ते, मध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती, आणि ठिबकने नव्हे तर फवाऱ्याने, म्हणजे खांदेही धुतले जातील. त्याआधी नायट्रेट तपासणं मात्र सक्तीचं हवं. साठा मुख्यतः नायट्रेटचा असेल तर धुतल्याने तो पाड्याच्या विहिरीत उतरतो, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अशा वेळी आधी दाट मका पेरून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कापून बाहेर काढायचा. तो गुरांना घालायचा नाही, त्यात साठलेल्या नायट्रेटने जनावर दगावतं. कंपोस्ट करून उघड्या शेतात वापरायचा. जिप्समही डोळे मिटून टाकू नये. सोडियमचं प्रमाण जास्त असेल तरच ते उपयोगी आहे, एरवी तो आणखी एक क्षार होतो.

कागद बदलण्याचं सालही यात बसवता येतं. जुना कागद मे महिन्यात काढून नवा ऑगस्टअखेर चढवला तर पाऊस फुकटात माती धुतो. वाफ्यांवर भाताचा पेंढा चार बोटं जाड पसरायला हवा, नाहीतर आपल्या पावसाच्या माऱ्याने वाफे बसतात.

कोंबडखताबद्दल एवढंच सांगतो की कच्चं कोंबडखत म्हणजे क्षारांचं पोतं. शहराच्या कचऱ्यापासून केलेलं कंपोस्ट घ्या असं सुचवताना त्याची ईसी ४ च्या आत आहे का आणि किलोमागे शिसं १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, याचा लॉटनिहाय अहवाल पोत्यासोबत द्यावा. खत नियंत्रण आदेशातल्याच या मर्यादा आहेत.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक हरितगृह हे माती परीक्षणाचं स्वतंत्र एकक मानावं. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर आणि वाफ्याच्या खांद्याचा वेगळा नमुना घ्यावा. संपृक्त अर्काची ईसी, सोडियम, क्लोराईड, नायट्रेट आणि सूत्रकृमींची संख्या अहवालात असावी, शेरा पीकनिहाय असावा, आणि पाण्याचा अहवाल त्याच कागदावर यावा. दरवर्षी, पीक काढल्यावर.

निचऱ्याचा चर आणि पन्हळीपासून साठवण तळ्यापर्यंतचा पाइप हे हरितगृहाच्या अंदाजपत्रकाचे भाग व्हावेत आणि मोका तपासणीत ते पाहिल्याशिवाय अनुदान सुटू नये. ज्यांच्याकडे तळ्याला चार गुंठे जागा नाही त्यांच्यासाठी निदान दोन लाख लिटरची टाकी मान्य करावी. तेवढ्यात एका धुण्याचं काम भागतं.

जुन्या हरितगृहांच्या माती सुधारणेसाठी कोंडा, कागद, तपासणी आणि रिकाम्या हंगामाची मजुरी असा स्वतंत्र घटक सुरू करावा. त्याचे पैसे फेब्रुवारीत मिळावेत. ३१ मार्चच्या घाईत बिलं निघाली तर एप्रिलची उष्णता हातची जाते आणि काम वर्षभर लांबतं.

'माती बदला' आणि फॉर्मेलीन हे दोन्ही सल्ले लेखी परिपत्रकाने थांबवावेत. रोपवाटिकांना लॉटनिहाय सूत्रकृमी तपासणी सक्तीची करावी.

आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन शहापूर किंवा मुरबाडमध्ये किमान तीन हंगाम चालणारं एक प्रात्यक्षिक उभं करावं. एका बाजूला छपराच्या पाण्याने धुतलेले वाफे, दुसऱ्या बाजूला बोअरवेलवर चाललेले. दोन्हींचे आकडे दर हंगामाला तालुका कार्यालयाच्या फलकावर लावावेत. त्यासाठी आमची चालू पॉलीहाऊसेस द्यायला आम्ही तयार आहोत आणि नमुने काढायलाही येऊ.

या मागण्यांवर पूर्वसंमतीची पुढची पत्रं निघण्याआधी आमच्याबरोबर एक बैठक घ्यावी आणि कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य व का, हे लेखी कळवावं, ही विनंती.

आपले,
शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतले हरितगृहधारक शेतकरी व कृषी पदवीधर